टाकीला सांडम

मोठी काचेची टाकी घरात आली की पहिले काही महिने येणारा-जाणारा प्रत्येक जण माशांपुढे थांबतो. पुढे थांबणारे कमी होत जातात आणि टाकीपाशी घरातलं एकच माणूस उरतं. त्या माणसाची नजर माशांपेक्षा पाण्यावर जास्त असते. पातळी किती उतरली, काचेच्या कडेला पांढरा थर धरला का, वास कसा येतोय, वर आलेला फेस लगेच विरतोय की तसाच तरंगतोय. कळवणच्या आमच्या घरात ते माणूस मी आहे. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की मोठ्या टाकीचं पाणी बदलायचं काम झटपट उरकायला हवं. ज्या घरात ते झटपट उरकत नाही, त्या घरात मासे फार दिवस टिकत नाहीत.

आमची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच. म्हणजे चोवीस घनफूट, ६८० लिटरच्या आसपास. तळाची वाळू, दगड आणि वरची मोकळी चार बोटं वजा केली तर प्रत्यक्ष पाणी ६०० लिटर. त्यात ऑस्कर आहेत आणि काच चाटत फिरणारे सकर. ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, अंगाने तळहाताहून मोठा होणारा आणि खायला देणाऱ्याला ओळखणारा मासा. मी खोलीत शिरलो की तो काचेशी येतो, दुसरं कुणी आलं तर दगडामागेच राहतो. पण तो भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. झाडं लावावीत तर उपटून टाकतो. असा मासा पाळणाऱ्याला पाण्यापासून सुटका नाही.

माशाच्या कल्ल्यांमधून अमोनिया सतत पाण्यात सुटत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. फिल्टरच्या स्पंजात वस्तीला असलेले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिली दोन्ही माशाला विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य. पण नायट्रेटपाशी फिल्टरचं काम संपतं. ते पाण्यात साठत राहतं, दिसत नाही, वासही येत नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून वरून दोन बादल्या ओतल्या तर पातळी भरते, पण नायट्रेट होतं तेवढंच राहतं. आमच्याकडचं विहिरीचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपलेलं, जड. आटताना त्यातले क्षार मागेच राहतात आणि प्रत्येक भरणीबरोबर वाढत जातात. म्हणून जुनं पाणी बाहेर काढायचं आणि नवं आत घ्यायचं, याला पर्याय नाही.

आता हे काम बादलीने करून पाहावं. ६०० लिटरमधलं ४० टक्के म्हणजे २४० लिटर. १५ लिटरच्या सोळा बादल्या बाहेर आणि सोळा बादल्या आत. भरलेली बादली दोन फुटी टाकीच्या वर उचलायची, न सांडता ओतायची, पुन्हा नळाकडे जायचं. तरण्या माणसाला एकदा हौस वाटते. दुसऱ्यांदा कंबर बोलते. तिसऱ्यांदा ‘आज राहू दे, रविवारी बघू’ सुरू होतं. रविवारी लग्न निघतं, नाहीतर कांदा भरायला गाडी येते. टाकी छोटी असती तर दहा मिनिटांत उरकली असती. मोठ्या टाकीत पाणी जास्त म्हणून घाण हळू चढते हे खरं, पण त्याच आधाराने माणूस जास्त दिवस ढकलतो. मासे मरतात ते या ढकललेल्या दिवसांमुळे.

मरतात कसे, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातली अल्कता खातात. पाणी बरेच दिवस बदललं नाही तर त्याचा सामू, म्हणजे पीएच, हळूहळू खाली येतो. सामू हा शब्द माती तपासून घेणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना नवा नाही. सामू ७ असेल तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. बाकीचा अमोनियम या निरुपद्रवी रूपात पडून राहतो. सामू आणखी उतरला की जिवाणूंचं कामही मंदावतं आणि हा साठा वाढत जातो. मासे मात्र सवयीने तगून असतात, खातात-पितात, आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग एके दिवशी घरात पाहुणे येणार असतात, टाकी गढूळ दिसते, आणि माणूस हिरिरीने अर्ध्याहून जास्त पाणी काढून विहिरीचं ताजं पाणी भरतो. त्या पाण्याचा सामू ८ च्या घरात. सामू ७ चा ८ झाला की विषारी अमोनियाचं प्रमाण सुमारे दहापट होतं. पडून असलेला साठा एका तासात जागा होतो. रात्रीतून मासे उताणे होतात आणि घरचे म्हणतात, पाणी बदललं म्हणून गेले. ते गेलेले असतात आधी पाणी न बदलल्यामुळे.

म्हणून घाई कुठे करायची आणि कुठे नाही, हे आधी ठरवावं. माणसाचे कष्ट आणि वेळ वाचवण्यात हवी तेवढी घाई करावी. माशाच्या अंगाला लागणाऱ्या पाण्यात बदल मात्र सावकाश आणि ठरल्या दिवशी व्हावा. काम सोपं झालं तरच ते ठरल्या दिवशी होतं.

जुनं पाणी काढायला सायफनसारखं साधन नाही. त्याला वीज लागत नाही, आणि आमच्या भागात ही गोष्ट लहान नाही. पाइपचं एक टोक टाकीत, दुसरं टाकीच्या खाली कुठेही. पाणी आपल्या वजनाने चढून उतरतं. पाइप तोंडाने ओढून सुरू करण्याची गरज नाही. आधी नळाला लावून पूर्ण भरून घ्यायचा, दोन्ही टोकांना अंगठे दाबायचे, एक टोक टाकीत बुडवायचं आणि खालचं सोडायचं. आत हवेचा एक मोठा बुडबुडा राहिला तरी धार तुटते, म्हणून भरताना पाइप सरळ धरून हवा बाहेर जाऊ द्यायची.

बहुतेक जण इथे अर्ध्या इंचाचा पाइप वापरतात, कारण माशांच्या दुकानात तोच मिळतो. खरा वेग पाइपच्या जाडीत आहे. पाइपचा आतला व्यास दुप्पट केला की तोंडाचं क्षेत्र चौपट होतं, शिवाय आतल्या भिंतींचं घर्षण कमी पडतं, त्यामुळे पाणी चौपटीहूनही जास्त, पाच-सहा पट जातं. अर्ध्या इंचातून जे पाणी काढायला अर्धा तास लागेल ते एक इंचातून पाच-सहा मिनिटांत निघतं. उताराचं तसं नाही. उतार चौपट केला तेव्हा कुठे वेग दुप्पट होतो. आमचं घर ओट्यावर असल्याने पाइप अंगणात सोडला की चांगला कमरेएवढा उतार मिळतो, पण त्यासाठी पाइप लांबवावा लागतो आणि लांबीबरोबर घर्षण वाढतं. म्हणून आधी जाडी वाढवावी, उताराचं मग बघावं. शेतकी दुकानात एक इंची पाइप मीटरवर कापून मिळतो.

आणखी एक सोय मला फार आवडते. टाकीतलं टोक तळाशी सोडायचं नाही. जिथपर्यंत पाणी उतरवायचं आहे त्या रेषेवर पाइपचं तोंड दोरीने बांधून ठेवायचं. पाणी त्या रेषेला आलं की तोंडात हवा शिरते, एक लांब घुरघुर ऐकू येते आणि धार आपोआप थांबते. उभं राहून राखण करावी लागत नाही, टाकी रिकामी होण्याची धास्ती नाही. तळाची घाण काढायची असेल तेव्हा तेवढी पाच मिनिटं बाटलीचं कापलेलं तोंड पाइपला लावून वाळूवरून फिरवायचं. त्याआधी हीटर आणि फिल्टर बंद करायला विसरू नये. कळवणच्या थंडीत हीटर लागतोच, आणि पाणी उतरल्यावर उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो.

नवं पाणी आत घेणं हे मात्र आदल्या दिवशीचं काम. ते दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमांमध्ये भरून ठेवावं आणि रात्रभर त्यात हवेचा दगड सोडावा. नळाचं पाणी असेल तर त्यातला क्लोरीन निघून जातो, आणि घाईच असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे त्याला लगेच मारतात. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, रात्रभरच्या हवेने तो भरून येतो. खोलीत राहिलेल्या पाण्याचं तापमानही टाकीच्या जवळ येतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून थेट पाणी घेण्याचा मोह होतो, पण चैत्रात दुपारी त्या नळाखाली हात धरवत नाही. सकाळी लवकर तेच पाणी ठीक असतं. ड्रममधून टाकीत चढवायला छोटी पाणबुडी मोटर पुरते. धार वाळूवर न पडता एका पसरट ताटलीवर पडू द्यावी, म्हणजे तळ ढवळत नाही. एवढी मांडामांड केली की २४० लिटरचं काम अर्ध्या तासात संपतं, आणि त्यातही माणसाने हात लावायचा तो जरासाच.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण पाण्याची पाळी कशी बांधावी हे आमच्या भागाला शिकवावं लागत नाही, आणि त्यातूनच मला पुढचं सुचलं. शेजारच्या बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर, पलीकडे धुळ्याकडे पांझरेवर, फड पद्धतीचं सिंचन तीन-चारशे वर्षांपासून चालत आलं आहे. नदीत बंधारा घालून पाणी अडवायचं, कालव्याने ते शेतांकडे वळवायचं, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि सारंगातून पाणी वाफ्यात. गावाची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एकच पीक, आणि पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. रात्री-अपरात्री कुणी आपल्या शेताकडे दारं फोडू नये म्हणून जागल्या. या सगळ्यात मला सर्वांत शहाणी वाटते ती सांडम. कालव्यात गरजेपेक्षा जास्त आलेलं पाणी आपोआप बाहेर पडून पुन्हा नदीला मिळावं, यासाठी ठेवलेली वाट. कालवा फुटत नाही, पीक बुडत नाही, आणि त्यासाठी कुणाला फावडं घेऊन धावावं लागत नाही.

टाकीला सांडम दिली तर पाणी बदलायचं काम माणसावर राहतच नाही. वरच्या कडेपासून तीन-चार बोटं खाली काचेला एक भोक, त्यात टँक निप्पल, बाहेरून पाइप अंगणात. आता वरून जेवढं पाणी येईल तेवढंच जुनं पाणी बाहेर जाईल आणि पातळी जागची हलणार नाही. वरून पाणी आणायलाही काही नवं शोधायला नको. डाळिंबाच्या बागेत झाडाबुडी असतो तोच ड्रिपर. त्यावर ताशी चार लिटर किंवा दोन लिटर असं छापलेलं असतं. पण तो आकडा मोटरीच्या दाबाचा असतो. गच्चीवरच्या टाकीचा दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाचाही नसतो, म्हणून चार लिटरचा ड्रिपर घरात दोन-सव्वादोन लिटरच देतो. मापाचं भांडं तासभर खाली ठेवून मोजून घ्यावं. ताशी दोन लिटर म्हणजे दिवसाला ४८ लिटर, आमच्या टाकीच्या आठ टक्के. इतक्या थेंबाथेंबाने आलेल्या पाण्याने ना तापमान हलतं, ना सामू. ऑस्करला काही झाल्याचं कळतही नाही. आमचं पाणी जड असल्याने ड्रिपर दोन-तीन महिन्यांत चोक होतो. बागेतला होतो तसाच, आणि उपायही तोच, काढून नवा लावायचा.

इथे एक हिशेब मात्र पाण्याच्या बाजूने मांडला पाहिजे, कारण आपण कळवणात राहतो. समजा दहा दिवसांत ४८० लिटर पाणी खर्च करायचं आहे. सायफनने दोनदा २४० लिटर काढून तेवढंच भरलं, तर जुन्या नायट्रेटपैकी ३६ टक्के उरतं. तेच ४८० लिटर ड्रिपरने सोडलं तर ४५ टक्के उरतं, कारण सांडमेतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नुकतंच आलेलं चांगलं पाणीही थोडं मिसळलेलं असतं. म्हणजे आधी काढून मग भरणं पाण्याला स्वस्त, आणि सतत वाहतं ठेवणं माशाला सुखाचं. गिरणा केमच्या डोंगरात उगम पावून आमच्या तालुक्यातून वाहते, चणकापूरचं धरण इथेच आहे, तरीही वैशाखात विहिरींचा तळ दिसतो आणि चणकापूरच्या आवर्तनाकडे खालपर्यंतची गावं डोळे लावून बसतात. अशा दिवसांत शोभेच्या माशांसाठी रात्रंदिवस पाणी वाहवणं मला पटत नाही. म्हणून पावसाळ्यापासून संक्रांतीनंतरही विहीर भरलेली असेतो ड्रिपर चालू, आणि उन्हाळ्यात ड्रिपर बंद करून सायफन आणि ड्रम. दोन्ही हाताशी असावेत.

बाहेर पडलेलं पाणी वाया जाऊ देण्याचंही कारण नाही. आधी मी ते गटारीत सोडत असे. शेजारच्या दादांनी एकदा कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाले, “हाई पानी काबर फेकस? उळाले दे ना.” कांद्याचं उळं टाकलेलं त्यांचं छोटं रान आमच्या भिंतीला लागूनच आहे. माशाला जे नायट्रेट नको तेच रोपाला हवं असतं. तेव्हापासून आमच्या टाकीचा पाइप भिंतीच्या पलीकडे जातो, आणि मागे कढीपत्ता आणि मिरचीला मिळतं ते वेगळं. उळ्याच्या त्या वाफ्यातली रोपं दुसऱ्या वाफ्यापेक्षा गडद हिरवी दिसतात, हे दादा आल्यागेल्याला दाखवतात. फक्त माशाच्या औषधपाण्यासाठी टाकीत मीठ घातलं असेल त्या वेळी आम्ही पाइप इकडेच ठेवतो. आणि पाण्याबरोबर टाकीतला जीव ओढ्या-नदीला लागणार नाही याची काळजी घेतो, म्हणून सांडमेच्या तोंडाला जाळी आहे. सकर मोठा झाला, टाकीत मावेना, म्हणून नदीत सोडणारे लोक मी पाहिले आहेत. हा परका मासा उजनीसारख्या जलाशयात पसरून बसला आहे, स्थानिक मासे कमी करतो आणि कोळ्यांची जाळी फाडतो. गिरणेत तो जाता कामा नये.

जगातली मोठी मत्स्यालयंही याच दोन वाटांनी जातात. कॅलिफोर्नियात माँटेरे इथलं मत्स्यालय १९८४ साली अगदी किनाऱ्यावर उघडलं. ते समोरच्या उपसागरातलं पाणी सतत आत घेतं आणि वापरलेलं परत सोडतं. दिवसा पाहणाऱ्यांसाठी ते गाळलेलं असतं. रात्री न गाळता येऊ देतात, म्हणजे समुद्रातले सूक्ष्म जीव आत येऊन शेवाळाच्या रानातल्या प्राण्यांना खायला मिळतात. ही मोठ्या मापाची फड पद्धतच. अटलांटाचं मत्स्यालय २००५ सालचं, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथल्या एका टाकीत दोन कोटी लिटरहून जास्त पाणी आहे. ते बदलणं शक्यच नाही, म्हणून गोड्या पाण्यात क्षार मिसळून समुद्र तयार केलेला, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून फिरवायचं. फेस काढण्याचे मनोरे, ओझोन, नायट्रेटचा वायू करून हवेत सोडणारे जिवाणू असा मोठा पसारा त्यामागे आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय आमच्याकडच्या किती तरी जणांनी शाळेच्या सहलीत पाहिलं. माशांचं वेड मला तिथेच लागलं. तेव्हा मी काचेच्या पुढून बघत होतो. त्या भिंतीमागे किती पाइप, किती मोटरी आणि किती माणसं पाण्यासाठी राबत असतील, हा विचार घरी टाकी आल्यावरच सुचला, आणि आता कुठलंही मत्स्यालय पाहताना आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हेच मी शोधतो.

तालुक्याच्या गावांतही आता मोठ्या टाक्या दिसू लागल्या आहेत. दवाखान्यांत, हॉटेलांत, नव्या बंगल्यांच्या दिवाणखान्यांत. बऱ्याच ठिकाणी टाकी भिंतीत बसवलेली, वर प्लायवूडची सजावट, मागे हात घालायला वीतभर जागा नाही. पाणी काढायची सोय कुणी विचारलेलीच नसते. वर्ष-दीड वर्षात तिथे प्लास्टिकची झाडं आणि फुलदाणी येते. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं, कारण ते मासे आजाराने गेलेले नसतात. त्यांच्या घराला मोरी नव्हती.

तुम्ही मोठी टाकी करून घेणार असाल तर माझी विनंती आहे. मासे कोणते हे ठरवण्याआधी टाकी कुठे ठेवणार ते ठरवा. जवळ नळ असू द्या, बाहेर पाणी जायला उतार असू द्या, आणि ते पाणी पिणारं एखादं आळं किंवा वाफा असू द्या. आणि टाकी जोडण्याआधीच काचवाल्याकडून सांडमेचं भोक पाडून घ्या. साध्या काचेला ते नंतरही पाडता येतं, पण टाकी रिकामी करूनच. टफन काचेला मात्र नंतर भोक पाडता येत नाही. ती सगळीच्या सगळी फुटते.